कामून

अर्जात रकाना आहे : वसाहत नष्ट होण्याचे कारण.
दोन बोटं रुंद.
साहेबांनी पेन्सिलीनं वर लिहून दिलंय, एका शब्दात.

बदनापूरच्या पुढं, कांदा बियाण्याच्या प्लॉटवर
चाळीस पेट्या मांडल्या होत्या मी माघात,
रात्रीतून, टेम्पोनं, गेटांना जाळी ठोकून.
गोंडे पांढरे होऊन उभे होते मांडीला लागतील असे.
माशी बसल्याबिगर त्यात बी भरत नाही,
हे कंपनीलाही ठाऊक, म्हणून तर पेटीमागं भाडं.

नाव माझं कडुबा, धंदा मधाचा.
हसून झालंय सगळ्यांचं. तुम्हीही घ्या हसून.

गुरुवारी पेट्यांपुढची माती दिसत नव्हती.
काही अजून पाठीवर पडून गरगरत होत्या.
आणि प्रत्येकीची जीभ बाहेर.
केसाएवढी, तांबूस.
बारा वर्षांत इतक्या जिभा मी एकदम पाहिल्या नव्हत्या.
कुणीतरी काहीतरी विचारलं होतं
आणि सगळ्या मिळून सांगायला निघाल्या होत्या, असं.

पलीकडच्या बांधावरून आसाराम म्हणाला,
मेसेज टाकला होता की ग्रुपवर.
टाकला होता. सव्वाअकराला.
फवारा सुरू नवाला.
त्याला तरी काय म्हणू, फुलकिडे काय
माझ्या माशांची सुट्टी बघून येतात?

साहेब म्हणाले, मग लिहा ना, विषबाधा.
लिहायला घेतलं. वि काढला, वेलांटी दिली
आणि पेन अडलं.
त्या सकाळी गेल्या सतरा.
बाकीच्या चौदा काय करू?

बावीस नंबरची राणी दसऱ्यालाच थकली होती,
अंडी घालायची तर चार घरं सोडून एक.
तिच्या फ्रेमांत मेणकिड्यानं जाळी विणली,
पोरीच्या परकराला असते तशी नाजूक.
एकतिसात माइट.
पस्तीस नुसतीच रिकामी,
मेलेली एक नाही, आतलं थोडं मध तसंच,
दाराला कुलूप न लावता माणसं गाव सोडतात तशी.
तिचं काय लिहू? स्थलांतर?

पूर्वी लातूरकडं जायचो सूर्यफुलावर, वाटेत करडई.
आता औशापर्यंत सोयाबीनच सोयाबीन,
फूल पानाआड, एवढंसं.
हिरवंगार ताट, वाढलेलं मात्र दोन घास.

आणि दिवाळीत, खोटं कशाला बोलू,
शेवटच्या फ्रेमाही मीच काढल्या.
वैजूची फी होती.
बदल्यात ठेवलं साखरेचं पाणी.
घरच्या धनिणीला उपाशी झोपवून
उशाशी कपभर चहा ठेवावा, तसं.
हे कुठल्या रकान्यात बसतं साहेब?

वैजूनं एवढंच विचारलं,
कामून मेल्या बा?
तिच्या त्या शब्दाला रकाना नव्हता,
म्हणून जरा बरं वाटलं.
पण उत्तर तिलाही देता आलं नाही.

माझ्या आधीची दोघं पाळण्यातच गेली.
म्हणून आईनं मला कडू ठेवलं,
मरणानं चाखावं आणि थुंकून टाकावं म्हणून.
थुंकलं बहुतेक. सेहेचाळीस झाली.
हे मी कधीतरी वैजूला सांगितलं असणार,
कारण काल बघतो तर उरलेल्या नऊ पेट्यांवर
तिनं खडूनं नावं घातलेली :
दगडी. धोंडी. केरी. उकिरडी.
पुढं आणखी चार, असलीच.
नवव्या पेटीचं तिला सुचलं नव्हतं.

रात्री त्या नवव्या पेटीला कान लावला.
दूर कुठल्या तरी गावात
पिठाची गिरणी उशिरापर्यंत चालू असावी, तेवढा आवाज.
किती वेळ उभा होतो कोण जाणे.

साहेब सोमवारी येणार आहेत.
अर्ज त्याच पेटीच्या झाकणावर आहे,
वि लिहिलेला, पुढं कोरा.
वारं सुटलंय,
म्हणून वर एक दगड ठेवलाय.