घण

कर्जतच्या बंद पडलेल्या रिसॉर्टातून उचलली ती.
चार चाकं, एक फाटकी सीट,
मुठींवर शंभर गिऱ्हाइकांच्या घामाचा चिकटा.
मुस्तकीम म्हणाला, इंजिन जिवंत आहे, बाकी मढं.
म्हटलं, मढं माझ्या लेथवर टाक.

रबाळ्यात दिवसभर मी परक्या पंपांचे शाफ्ट कापते.
साडेसहाला सुपरवायझर दत्तू मेहेर दोन चहांच्या बदल्यात
डोळे मिटतो,
मग मशीन माझं.
मागची चाकं दोन्ही अंगांनी दीड इंच बाहेर काढली.
स्पेसर तीनदा मोजले, एकदा कापले.
डोक्यावर खडीची पाटी घेताना आई म्हणायची,
पाय फाकवून उभी राहा गं,
ओझं मग जमिनीचं.

पोटाखाली पत्रा हवा होता.
दगड इंजिनाला विचारून येत नाही.
तुर्भे स्टोअरच्या भंगारात रस्त्यावरचा जुना फलक सापडला,
हिरवा, जाडजूड, गंज न धरणारा.
फ्रेमच्या मापाने कापला
तेव्हा घणसोलीतलं सोली खाली पडलं,
घण राहिलं.
चला, मुस्तकीम म्हणाला, बारशाचा खर्च वाचला.

रविवारी डोंगर, सोमवारी धुणं.
फिल्टरचा स्पंज आधी रॉकेलात, मग साबणात,
मग तेल. पिळायचा नाही,
दोन तळव्यांत नुसता दाबायचा.
खाणीची धूळ मैद्यासारखी,
वाट मिळाली की सिलेंडर आतून चाटून खाते.
ती कुठवर जाते ते मला ठाऊक आहे.
बाबांच्या एक्स-रेत बघितली आहे.

चेनला दोन बोटं ढील.
टायरात हवा इतकी कमी
की पेट्रोलपंपावरचा पोरगा हसतो.
पुढचे शॉक मऊ, मागचे दोन आटे कडक,
हे पुस्तकात नव्हतं,
माझ्या कंबरेने सांगितलं.

हमरस्त्यावर तिला परवानगी नाही,
म्हणून टेम्पोत, दोरांनी बांधून, खाणीपर्यंत.
या खेपेला बाबा पुढे बसले.
अकरा वर्षांनी बघत होते ती कडा.
काही बोलले नाहीत. काच खाली केली
आणि लगेच वर केली.

तिसऱ्या टप्प्यावर पुढची चाकं हवेत गेली.
मी एकीकडे, ती एकीकडे.
कोपर सोललं होतं, पेट्रोल थेंब थेंब,
आणि ती उताणी,
हिरवं पोट आभाळाकडे,
घ अर्धा खरवडून गेलेला, ण तसाच उभा.

बाबा वर आले. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा.
माझं कोपर बघितलं.
मग मी घसरले त्या दगडावर खडा वाजवला,
कान लावला.
इथं पोकळ हाय, म्हणाले. डाव्या अंगाला शीर धर.
मग पत्र्यावर बोट ठेवून, काय लिवलंय?
घण.
कुणाचा?

टाय रॉड वाकला होता
आणि पेटीत हातोडी नव्हती.
पाने सगळे होते, दहाचे दोन,
हातोडी नव्हती.
बाबांनी आजूबाजूला नजर टाकली,
एक दगड उचलला, परत ठेवला, दुसरा घेतला.
रॉड सपाट खडकावर आडवा धरायला लावला मला.
दोन ठोके. थोडं फिरव. एक ठोका.
मग खोकला आला, पुष्कळ वेळ.

त्यानंतर मी डावीकडून गेले.
वर पोचले. खाली टेम्पोशेजारी
एक पांढरा सदरा, एवढासा,
हात हलवला नाही.

सोमवारी वर्कशॉपात रॉड काढून डायल लावला.
पाऊण मिलिमीटर बाक अजून आहे.
नवा रॉड दोनशे ऐंशीला मिळतो.
मुस्तकीमने फोन उचलला होता,
मी म्हटलं, राहू दे.

आता ती जराशी डावीकडे ओढते.
शीर तिकडेच आहे.