किर्द

पहाटेचे तीन चाळीस. वाळपईहून शाणू गावसचा फोन:
"बाय, मशीन मेलें गे."
मशीन मेलेलं नसतं. ते बोलत असतं, कुणी वाचत नाही.
मी वाचते, शेवटून वर.
शेवटची ओळ: पॅनिक. डिस्कवर जागा नाही.
त्यानंतर गप्प.

सव्वापाचला केरी, होंडा, म्हाऊसचे कॅन उतरतील.
लिटर, फॅट, नंबर,
एवढं लिहायला जागा हवी,
आणि दूध थांबत नाही,
मे महिन्यात तर नाहीच.

"हांगा पोरन्यो फायली आसात, पुसूं? शंभरेक जीबी कचरो."
हात लावू नकोस.
शाणू, हात लावू नकोस.
तुझ्या बापाच्या दुकानात किर्द होती ना?
गिऱ्हाईक उभं असताना घाईत लिहायची ती,
खोबरेलाचे डाग पडलेली?
आधी किर्द, मग खतावणी.
डेटाबेसही आधी इथंच खरडतो,
सवडीनं पक्क्या पानावर उतरवतो.
मध्येच वीज गेली तर ह्याच वहीवरून त्याला आठवतं
आपण काय करत होतो.
ही फाडलीस तर तो कदाचित उठेलही,
पण कुणाचं दूध किती, ते शपथेवर सांगणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एक पोकळ फाइल ठेवली होती.
दोन जीबी, नुसती शून्यं.
नाव: हात_लावू_नये.
आज मीच लावला.
तेवढ्या श्वासावर तो उठला,
किर्द उलगडत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत,
दहा मिनिटं, बारा,
मग: जोडण्या स्वीकारायला तयार.

पण वही एवढी फुगली कशी?
जुनी पानं तो आपणहून टाकून देतो,
कुणी मागत नसेल तर.
म्हणजे कुणीतरी मागतंय.
विचारलं. एकच ओळ आली.

फोंडा_दोन. सक्रिय: नाही.

फोंड्याचं दुसरं यंत्र, अगुश्तीननं लावलेलं.
इथं घडेल ते लगोलग तिथं उतरवून घेणारं,
इथं काही झालंच तर तिथं असावं म्हणून.
डिसेंबरात ते भंगारात गेलं.
अगुश्तीन त्याच्याही आधी, दोहाला.
ह्याला कुणी कळवलं नाही.

पाच महिने हा पानं राखून बसलाय.
फोंडा_दोन येईल,
म्हणेल, अमक्या ओळीपर्यंत माझं वाचून झालंय, पुढचं दे.
प्रत्येक म्हशीचं प्रत्येक दूध, सकाळचं, संध्याकाळचं,
क्रम न चुकवता,
स्वतःच्या गळ्याशी येईपर्यंत.

माझ्या खणात अगुश्तीनच्या नावाचं टपाल आहे, रबर लावून.
एलआयसीची दोन पत्रं, बँकेचं एक,
एक लग्नपत्रिका. लग्न कधीच होऊन गेलंय.
हे आत्ताच का आठवावं, ठाऊक नाही.

हुकूम एका ओळीचा असतो.
नाव अवतरणात लिहायचं. एंटर.
"खात्री आहे का" असं तो विचारत नाही.
त्यासाठीच मला तो आवडतो,
आणि हात थोडा थंड पडतो तोही त्यासाठीच.

सात मिनिटांत नव्वद जीबी मोकळे.
"बरें जालें," शाणू म्हणतो. मागे कॅन आदळतात,
कुणी बाई ओरडते, आधी माझा नंबर घाल रे.
एकशे बारा. चार लिटर दोनशे मिली. फॅट सहा पॉइंट चार.
पडलं किर्दीत.

मग सेटिंगमध्ये एक मर्यादा लिहिली:
कुणासाठीही थांबायचं ते वीस जीबीपर्यंत, पुढं नाही.
शेजारी तारीख टाकली. कारण टाकलं नाही.

आणि पुन्हा दोन जीबी शून्यं भरून ठेवली.
नाव तेच.