चाचणीचा कॉल

रविवारी दवाखाना बंद, म्हणून आजच.
भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर उतरवलं,
खालून एक चौकोन निघाला, वीस वर्षांपूर्वीच्या रंगाचा.
शार्दूल म्हणाला, मावशी, हीच भिंत पाठीमागे घे, उजळ दिसतेस.
पंखा बंद करायला लावला.
त्याची कुरकुर मला कधी ऐकू आली नव्हती,
माइकला आली.

बीपीच्या यंत्राशेजारी आता फोनचा स्टँड,
एक गोल दिवा, त्याच्याकडे बघितलं की बुबुळात बांगडी उमटते,
आणि नियमांचे छापील कागद.
नाव-वय विचारून खात्री करा. संमती घ्या. नोंद ठेवा.
कोणती औषधं लांबून लिहायची नाहीत, ती यादी
मी टेबलाच्या काचेखाली सरकवली,
कुणाकुणाच्या बारशाच्या फोटोंवर.

घणसोलीचे माझे पेशंट आता घणसोलीत राहतात कुठे.
चाळी पडल्या, टॉवर आले, भाडेकरू उलव्याला गेले,
कोणी द्रोणागिरीला, कोणी थेट कर्जतला.
पद्मीबाई दोन रिक्षा नि एक बस बदलून
साखरेचा रिपोर्ट दाखवायला येतात,
आणि इथे पोचेपर्यंत साखर उतरलेली असते.
त्यांच्यासाठीच हे सगळं, असं मी सर्वांना सांगते.
थोडं माझ्या गुडघ्यांसाठीही, ते सांगत नाही.

काय काय हातातून जाणार, ती यादी कोणी छापलेली नाही.
श्वासाला येणारा तो पिकल्या फळासारखा वास.
पोट दाबताना माणूस एक बोलतो, पोट दुसरंच.
स्टेथोस्कोप आधी स्वतःच्या तळव्यावर कोमट करणं.
दारापासून खुर्चीपर्यंत पेशंट चालत येतो
तेवढ्यात माझं निम्मं निदान झालेलं असतं.
पडद्यावर माणूस आधीच बसलेला.

चाचणीसाठी हिराजीला बाहेरच्या बाकावर बसवलं.
चोवीस वर्षं पुड्या बांधतोय, फोन पुडीसारखाच धरला.
पेशंट हो, म्हटलं, काहीतरी सांग.
आधी कपाळ आलं, मग छत, मग एक नाकपुडी.
‘नाव?’
‘तुमाना ठावं नाय?’
‘विचारावं लागतं.’
‘हिराजी कमळाकर मढवी. एकोनसाठ.’
‘संमती आहे?’
‘कशाला?’
‘हं म्हण.’
‘हं.’
‘काय होतंय?’

गुडघा म्हणेल, गॅस म्हणेल,
रोज कानावर पडतं त्यातलं काहीतरी उचलेल.
तो गप्प. मला वाटलं, चित्र अडकलं.
मग, दाराकडे न बघता,
काचेतल्या त्या टीचभर मला म्हणाला,
‘जिना चरताना छातीन कोंबल्यावानी व्हतं.
उबा रायलो का जातं.’
‘कधीपासून?’
‘गनपतीपासना.’

बाहेर होळीची वर्गणी मागत पोरं फिरत होती.
एवढे महिने हा माणूस हाताच्या अंतरावर
बीपीची पट्टी गुंडाळून ठेवत होता,
आणि मी त्याला माळ्यावरून
सलाइनचे खोके आणायला पाठवत होते.

उठले. फोन तसाच चालू.
बाहेर आले तर त्याच्या हातातल्या पडद्यावर
माझी रिकामी खुर्ची आणि भिंतीवरचा चौकोन.
दार उघडं राहिलं, तसे दोन्ही फोन
एकमेकांना ऐकून किंचाळू लागले.
‘पयले त्यो बन करा,’ हिराजी म्हणाला.

मनगट धरलं. गार.
बहात्तर, आणि मधूनच एक ठोका गाळलेला.
शार्दूल ईसीजीच्या पट्ट्या आणायला धावला,
चुकीच्या कपाटाकडे. मलाही आठवेना.
बाकावरूनच, बोट न हलवता, हिराजीने सांगितलं,
‘खालचा खन. कापसामागं.’