चर्र

कोयंडे मंडळी देवगड सोडून गेली
तेव्हा पिंजरा आमच्या पडवीत टेकवून गेली.
सोबत भुईमुगाच्या शेंगा आणि एक चिठ्ठी:
'नाव मुकादम. अंगावर पाणी घालू नये.'

दोन महिने घातलं नाही.
मग त्याला वास यायला लागला,
भिजून वाळलेल्या गोणपाटासारखा.

पितळीत कोमट पाणी ठेवलं.
मुकादमाने त्यात मिरचीचा देठ बुडवला
आणि पाठ केली.
लवूने इस्त्रीचा फवारा आणला,
एकदाच मारला, लांबून,
तर दिवसभर माझ्या नावाने शिव्या,
त्याही कोयंडेबाईंच्या आवाजात.

म्हटलं, राहू दे बाबा.
समुद्र शंभर पावलांवर असून
मला तरी कुठे पोहता येतं?

एका बुधवारी बांगडे तळत होते.
पहिली तुकडी तव्यावर पडली, चर्र झालं,
आणि मागे पिंजऱ्यात धडपड.
वळून बघते तर मुकादम
कोरड्या दांडीवर पंख पसरून
मान घुसळतोय, शेपूट झाडतोय,
डोळे मिटून न्हातोय,
एका थेंबाशिवाय.

बांगडा करपू दिला.
केळीचं पान धुतलं, न निथळता
दारातून हळूच आत सरकवलं.
त्याने आधी चोच लावली. मग छाती.
मग सगळाच लोळला.

आता आमच्याकडे रोज काहीतरी तळतात.
मासळी नसली तर नुसते पापड.
लवू म्हणतो, आई, तू जाडी झालीस.

मुकादम हिरवागार.