खांदेपालट

तेलावीत पहाटे साडेचारला माझी भट्टी पेटते,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी.
तिच्या पोटाच्या भिंतीला पाव चिकटवायचा
म्हणजे कमरेपर्यंत आत वाकायचं,
उजवा हात आगीवरून लांब टाकायचा
आणि श्वास बाहेरच ठेवून जायचं.
बावीस वर्षं.
भिंतीवरून पाव कधी निसटला नाही.
निसटला तो खांदा.

आधी वाटलं, वाताने धरला असेल.
मग केस विंचरताना हात कानापाशी येऊन थांबला,
उंबऱ्यात अवघडलेल्या पाहुण्यासारखा.
शेजारच्या नतेलाने द्राक्षाच्या दारूत मिरच्या मुरवून दिल्या,
म्हणाली, चोळ.
खांदा होता तसाच राहिला,
डोळे मात्र दोन दिवस चुरचुरले.

दवाखान्यात मक्वाला नावाची पोरगी,
धाकट्या सुनेच्या वयाची.
म्हणाली, "काकू, तुमचा दिवस सांगा."
"दिवस?"
"उठल्यापासून. हात कुठे कुठे जातो, तेवढंच."

सांगायला बसले
आणि मला पहिल्यांदा माझाच हात दिसला.
मिठाची बरणी वरच्या फळीवर.
चाळण तिच्याही वर, खिळ्याला.
अक्रोडाच्या चुर्चखेला आढ्याच्या आकड्यांना,
कपड्यांची दोरी टाचा उचलल्या तरच.
थैली उजवीकडे, झोप उजव्या कुशीवर.
आणि रात्री ओतियाचा फोन,
तुर्कस्तानातल्या कुठल्याशा ट्रकतळावरून,
कान आणि खांद्याच्या चिमटीत धरलेला,
कारण हात पिठात.
नवऱ्याचं सगळं बोलणं मी खांद्यानेच ऐकत आले.

"ह्या फळ्या कोणी ठोकल्या?"
"नवऱ्याने. लग्न झालं त्या शरदात."
"उंच आहेत?"
"फळ्या?"
"नवरा."

घरी येऊन टेप लावली.
फळी एक मीटर ऐंशीवर,
ओतियाच्या डोळ्यांच्या रेषेत, तंतोतंत.
शिव्या द्याव्यात असं त्यात काही नव्हतं.
तोंडात खिळे धरून, पाणसळ लावून
प्रेमानेच ठोकल्या होत्या त्याने.
फक्त मापाला माणूस एकच घेतला होता.

खिळे मी डाव्या हाताने उपटले. दोन वाकले, एक बोटाला लागला.
मीठ छातीपाशी आलं, चाळण मिठाशेजारी.
थैली डावीकडे घेतली,
सरकार मंत्र्यांची करतं तशी खांदेपालट,
आणि डावा आठवडाभर नवख्या मंत्र्यासारखा गोंधळला.
झोपताना पोटाशी उशी.
फोन आता पिठाच्या पिंपावर, आवाज मोठा करून,
त्यामुळे पावाच्या रांगेतल्या सगळ्यांना कळतं
ओतियाचे मोजे कुठे फाटलेत.
अंगणातल्या दोरीला कप्पी बसवली,
सकाळी डाव्याने ओढते, उजवा आपोआप वर जातो.
नतेला म्हणते, कपडे कुठायत? म्हणते, आज मीच वाळतेय.

भट्टी तेवढी हलेना. जमिनीतली ती.
मग तिच्या काठाशी एक पसरट दगड ठेवला,
हात लांबवण्याऐवजी आता मी सगळीच जवळ जाते.
दुपारचा घाणा झुराला दिला.
त्याचे पाव वाकडे होतात. लोक खातात.

ओतिया परतला तो रात्री,
दिवा न लावता सवयीने हात वर केला मिठासाठी.
भिंतीवर नुसता फिकट चौकोन.
"मीठ?"
"खाली."
वाकला. वाकताना तोंडातून एक बारीकसं 'अं' निघालं.
मी तो आवाज ओळखला,
इतकी वर्षं तो माझा होता.
"कंबर," तो म्हणाला.
"उद्या मक्वालाकडे जाऊ," मी म्हटलं.
"तिला आधी तुझा दिवस सांगावा लागेल."

खांदा बरा झाला असं नाही म्हणत.
थंडीत अजून कुरकुरतो.
पण परवा केस विंचरताना
हात कानाच्या दोन बोटं पुढे गेला.
तिथे थांबला.
मीही घाई केली नाही.