दुसरा घाव

रुबार्ब हलवायचं होतं, एवढंच.
सात वर्षं एका जागी बसून ते खंगलं होतं
आणि ब्रीद म्हणाली, भिंतीपाशी लाव, तिथे ऊन टिकतं.
लायट्रिममध्ये ऊन टिकतं म्हणजे
साडेदहा ते सव्वाअकरा.

मार्चमधला रविवार. माती ओल्या लोकरीसारखी जड.
कुदळ आत गेली वीतभर
आणि काहीतरी चिवट आडवं आलं.
पहिला घाव चुकून. हे मी शपथेवर सांगेन.
मूळ असेल, म्हटलं, त्या अॅश झाडाचं,
झाड तोडून चार वर्षं झाली, पण मुळं कुठे ऐकतात.
मग कुदळ डोक्यावर नेली
आणि दुसरा घातला.

ना ठिणगी, ना आवाज.
काळी साल, आत पिवळट दोरे,
आणि त्यांच्याही आत काचेचा एक केस.
उन्हात जरासा चमकला, मग नाही.
आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालूच होता.
आमची तार खांबावरून येते.
मग ही कुणाची,
हे आठवायला मी हवा तेवढा वेळ घेतला.

पलीकडे अट्रॅक्टा मुलव्ही अकराच्या मिस्सेला बसली होती,
टॅबलेट पावाच्या डब्याला टेकवून.
खुबा बदलल्यापासून ती चर्चला जात नाही,
चर्चच तिच्याकडे येतं.
फादरनी आशीर्वादाला हात उचलला
आणि तो उचललेलाच राहिला.
पहिली पाच मिनिटं मला वाटलं, ती सांगते,
आज मनापासून देतायत.
पुढची दहा मी भीतीने हलले नाही.
मग बघते तर मागच्या मेणबत्तीची ज्योतही
खिळ्यासारखी उभी.

काठी टेकत कुंपणापाशी आली.
"तू फादरना काय केलंस?"
मी पायाने खड्डा लोटत होतो.

तार माझ्याच वाफ्याखालून जाते, माझ्याच होकाराने.
पॅकी होता तेव्हाची गोष्ट.
टोपी हातात घेऊन दारात उभा, म्हणाला,
अट्रॅक्टाला आभाळात तार नको,
खिडकीतला डोंगर चिरल्यासारखा दिसतो.
खुशाल घाल, मी म्हटलं, पण खोल घाल.
त्या दुपारी मॅच होती.
आम्ही दोघांनी मिळूनच चर खणला, वीतभर,
आणि अडीचला हात धुतले.
पुढे पॅकीला पुरलं, त्याच्याबरोबर
हेही कुठेतरी पुरलं गेलं असणार.

बुधवारी एक पोरगा आला, डेनियस,
लिथुएनियाचा, आता मोहिलला राहतो.
रिमझिमीत त्याने वाफ्यावर बुटका तंबू ठोकला,
आत गुडघ्यांवर बसून
केसाला केस जोडत राहिला, श्वास धरून.
मी चहा घेऊन गेलो.
"घाव दोन आहेत," मान वर न करता तो म्हणाला.
"पहिल्याने नुसती साल फाटली होती.
पहिल्यावर ही जगली असती."

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात.
लायट्रिममध्ये इतकं चांदणं
मी जन्मात पाहिलं नव्हतं.
साखर किती, मी विचारलं.

ब्रीद मागच्या दारात उभी होती, हातात ओला टॉवेल.
तिने ऐकलं. बोलली नाही.
एकेचाळीस वर्षांत तिने
माझे पहिले घाव कधी मोजले नाहीत.

बिल आलं ते फ्रिजवर लावलंय,
कोर्कच्या मेंढीच्या चुंबकाखाली:
जोडणी एक, ये-जा, आणि खाली डेनियसच्या अक्षरात
"कुदळ, दोन वेळा."
अट्रॅक्टाला अजून एकच माहीत आहे.
सगळ्या गल्लीला ती माझी बाजू घेऊन सांगते,
बिचाऱ्याचा हात चुकला.

रुबार्ब जुन्याच जागी परत गेलं.
रविवारी पावणेबाराला मी त्याच्याभोवती
बोटांनी माती दाबत होतो, नखं भरेपर्यंत,
तेव्हा तिच्या खिडकीतून मिस्सा ऐकू आली.
फादर आशीर्वादापाशी आले.
मी थांबलो.
हात खाली आला असावा,
कारण पलीकडे खुर्ची सरकली
आणि किटली चढली.