आवक क्रमांक ३१७

तक्रारीला आधी नंबर मिळतो, मग वाट.
परताव्याची फाईल पिवळी,
नावातल्या चुकीची निळी.
कर्मचाऱ्याविरुद्ध असेल तर बिनरंगाची,
दोऱ्याने आवळलेली.

मिरकरवाड्यातले जाळीवाले हुसेनमियां
तिसऱ्यांदा आले. पावतीवर अजून 'सोनकर'.
"सोलकर. ल, लंगरातला.
कर मी भरायचा, नि पुण्य त्याला?"
चष्म्याच्या काडीला जाळ्याचाच दोरा.

या खेपेचा अर्ज माझ्याविरुद्ध होता.
शिक्का मीच मारला. तारीख सरळ उमटली.
साहेबांचा शेरा:
संबंधितांकडून अहवाल घ्यावा.
म्हणजे चार टेबलं फिरून
फाईल संध्याकाळी माझ्याचपुढे.

खिडकीतून सुकटीचा वास. पंखा बंद.
चुकीचं कारण सुचेना.
नुसता ल काढत बसलो,
समासात, सात-आठ वेळा.